हवाकाकांची फुंकर

हवाकाकांचं खरं नाव त्यांच्या नोकरीच्या कागदांवर होतं आणि तिथेच ते सुखात होतं. बाकी दुनियेला ते हवाकाका. बस डेपोत त्यांनी उभी हयात टायरमध्ये हवा भरण्यात घालवली. कुणी विचारलं, "काय काम करता?" की छाती पुढे काढून सांगायचे, "अख्खं शहर हवेवर चालवतो!" हे वाक्य त्यांचं इतकं लाडकं होतं की कुणी विचारलं नाही तरी ते विषय वळवून वळवून तिथे आणायचे. समोरचा भाजीचे भाव सांगत असला तरी.

अशा माणसाच्या डोक्यात हवा जायला कितीसा वेळ लागणार? पण टायरच्या हवेने ती गेली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. ती गेली एका फुंकरीने.

झालं असं, की डेपोतल्या एका कंडक्टरची बदली झाली आणि सामान कमी करायच्या नादात त्याने आपला व्हिडिओ गेम काकांच्या गळ्यात मारला. करड्या रंगाचा चपटा डबा, त्याला वायरीने लोंबणारे दोन रिमोट, एक नारिंगी बंदूक आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर ठसठशीत छापलं होतं, '९९९९ खेळ एकत्र'. त्यातले खरे खेळ सात. उरलेले नऊ हजार नऊशे ब्याण्णव म्हणजे तेच सात, फक्त टोपीवाल्या बुटक्याची टोपी कधी लाल, कधी हिरवी, कधी बुटकाच उलटा. तरी गल्लीतल्या पोरांनी पुढे कितीतरी सुट्ट्या या आशेवर काढल्या, की आठ हजाराच्या पलीकडे कुठेतरी काहीतरी वेगळं निघेल.

पहिल्या दिवशी डबा लागेचना. टीव्हीवर नुसत्या करड्या पट्ट्या. खिडकीच्या गजांना गल्लीतली सगळी पोरं लटकलेली, आणि काका घामाघूम. शेवटी त्यांनी कॅसेट उपटून बाहेर काढली आणि व्हॉल्व्हमध्ये धूळ अडकली की ते डेपोत जे करायचे तेच केलं. गाल फुगवले, डोळे मिटले आणि कॅसेटच्या तोंडात सणसणीत फुंकर मारली. काकांचे वरचे पुढचे दोन दात एकमेकांशी बोलत नसावेत इतकी त्यांच्यामध्ये फट होती. त्या फटीतून फुंकर निघायची ती बारीक, सरळ आणि शिट्टीसकट. फुंकून झाल्यावर त्यांनी कॅसेट काकूंच्या हातात दिली, कारण काकांचे गुडघे टायरपुढे उकिडवे बसून बसून कामातून गेले होते आणि टीव्हीखाली वाकणं त्यांना जमायचं नाही. काकूंनी ती डब्यात बसवली. टिर्रिंग टिर्रिंग करत बुटका धावायला लागला.

"काकांनी फुंकला! काकांनी फुंकला!" पोरं गल्लीभर ओरडत सुटली.

तेव्हापासून काकांच्या दारात कॅसेटी यायला लागल्या. या गल्लीतल्या आल्या, मग पलीकडच्या गल्लीतल्या, मग थेट कालव्यापलीकडच्या. काकांनीही आपला व्याप वाढवला. आखूड फुंकर वेगळी, लांब फुंकर वेगळी. एखादी कॅसेट नाकाजवळ धरून ते डोळे बारीक करत आणि म्हणत, "हिला दोनदा लागणार. हिने ओल धरलीय." पोरं श्वास रोखून बघत. त्या पोरांत दोन वेण्यांची एक मुलगी होती. ती पक्षी मारायच्या खेळात बंदूक थेट टीव्हीच्या काचेला टेकवून गोळी घालायची, म्हणून तिचं नाव पडलं नेमबाज. आणि एक गोलमटोल मुलगा होता, तो प्रत्येक खेळाआधी भाषण करायचा. त्याचं तेव्हा काही नाव पडलं नाही, पण पुढे त्याने पडद्यांचं दुकान काढलं आणि तो पडदेवाला झाला.

पोरं मोठी झाली, पांगली. डबा माळ्यावर गेला. काका रिटायर झाले. आता शहर दुसऱ्याच कुणाच्या तरी हवेवर चालायला लागलं होतं आणि काका सकाळी उठून दारात उभे राहायचे. येणाऱ्या-जाणाऱ्या सायकलींचे टायर दाबून बघायचे. लोक सायकल बाजूने काढायला लागले. काकू सांगायच्या, "अहो, आत या, लोक पोलिसात देतील." घरात बसलं की ते काकूंच्या कामात लुडबुड करायचे, बाहेर गेलं की लोकांच्या. माणूस नकोसा व्हायला अजून काय लागतं? काकांना हे कळत होतं, आणि कळलेलं त्यांना फार लागत होतं.

अशात एका सकाळी दारात पडदेवाला उभा. पोट सुटलेलं, डोक्यावरचे केस पुढच्या बाजूने पसार झालेले, आणि हातात पिशवी. पिशवीत त्याच्या जुन्या कॅसेटी.

"काका, लागत नाहीत," तो म्हणाला. आवाज थेट लहानपणचा.

माळ्यावरचा डबा खाली उतरला. काकांनी गाल फुगवले, फुंकर मारली, कॅसेट काकूंच्या हातात दिली, काकूंनी बसवली आणि बुटका धावला. पडदेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने त्याच बैठकीत बुटक्याला अठरा वेळा खड्ड्यात पाडलं आणि घरी जाऊन सगळ्यांना फोन केले.

मग दर रविवारी काकांची पुढची खोली भरायला लागली. बँकेतले, दुकानातले, शिकवणारे, गाड्या चालवणारे, सगळे चाळिशीचे बाप्ये आणि बाया मांडी घालून जमिनीवर बसलेले. गुडघे कुरकुरत होते तरी उठायला कुणी तयार नाही. काकूंना नवल वाटायचं. "अरे, घरी तुमच्याकडे एवढे मोठमोठे गेम आहेत म्हणे. त्यात माणसांचे घामाचे थेंबसुद्धा दिसतात. मग हा ठोकळ्याठोकळ्यांचा बुटका कशाला?"

"काकू, त्या गेममध्ये आधी अर्धा तास माणसं नुसती बोलतात," पडदेवाला म्हणाला. हे त्याने म्हणावं! "मग तो गेम सांगतो, थांबा, मला अजून काहीतरी डाउनलोड करायचंय. मग पासवर्ड. मग कुठल्या तरी देशातलं दहा वर्षांचं कार्टं येऊन पाठीमागून गोळी घालतं आणि वर शिव्या देतं. इथे बटण दाबलं की धावतो. खड्डा आला, उडी मारली नाही, मेलो. आपण का मेलो ते नीट कळतं, काकू. दिवसभरात असं नीट कळणारं दुसरं काही घडत नाही हो."

खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांनीही डोलावली, जणू बुटका त्यांनीच बनवला होता.

आता इतकं सगळं छान चाललं असताना दात दुखायला लागावेत का? पण लागले. तेही नेमके पुढचे दोन. आधी नुसते ठणकले, मग हलायला लागले. काकांनी ही गोष्ट घरात फुटू दिली नाही. पोळी दुधात भिजवायची, सफरचंदाकडे बघायचं नाही, हसायचं तर तोंड मिटून. काकूंनी दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी काकांचा वरचा ओठ टमाट्याएवढा झाला, तेव्हा त्यांनी चपला घातल्या, काकांच्या शर्टाची बाही धरली आणि त्यांना थेट नेमबाजच्या दवाखान्यात नेलं.

हो, तीच नेमबाज. आता ती दातांची डॉक्टरीण होती. नेम चांगला होताच, आणि जवळून मारायची सवयही.

"आ करा, काका."

काकांनी आ केला. तिने आरसा घालून पाहिलं, टकटक केलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"काका, पुढचे दोन काढावे लागतील."

"मागचे काढ," काका म्हणाले.

"मागचे ठणठणीत आहेत."

"असू देत. मागचे कुणाला दिसतात? चार काढ, सहा काढ, मी तोंडातून ब्र काढणार नाही. पण पुढच्या दोघांना हात लावू नकोस."

"काका, त्यांनी हिरडी कधीच सोडलीय. नुसते उभे आहेत."

"अगं, तू तरी असं बोलू नकोस!" काकांना भरून आलं. "त्या दोघांच्या मधल्या फटीवर अख्खी गल्ली उभी आहे!"

"गल्ली राहील उभी," काकू म्हणाल्या. "तुम्ही आडवे व्हा." आणि त्यांनी स्वतःच खुर्चीचं बटण दाबलं.

नेमबाजने हातमोजे दोनदा घातले आणि दोनदा काढले. याच फटीतून निघालेल्या वाऱ्याने तिच्या कॅसेटी लागल्या होत्या, तिचं बालपण साजरं झालं होतं, आणि आता तिनेच पकड हातात घ्यायची! पण डॉक्टर ती डॉक्टर. तिने सुई दिली, दात काढले आणि एका छोट्या डबीत घालून काकांच्या हातात ठेवले. काकांनी डबी उघडून बघितली. तोंडात कापूस होता, त्यातूनच त्यांनी विचारलं, "आणि फट?"

"फट देता येत नाही हो, काका."

घरी येईपर्यंत काकांनी खिशातल्या डबीवरचा हात काढला नाही. आणि वेळ तरी कशी साधली होती दातांनी! पुढच्याच रविवारी पडदेवाल्याने सभागृह घेऊन जुन्या व्हिडिओ गेमचं भलंमोठं संमेलन ठेवलं होतं. स्वतःच्या दुकानातल्या जांभळ्या पडद्यावर त्याने अक्षरं शिवून घेतली होती. 'उद्घाटन : हवाकाका यांच्या शुभहस्ते' असं आधी शिवलं, मग ते उसवून 'शुभफुंकरीने' केलं. फीत कापायची नाही, काकांनी कॅसेट फुंकायची, काकूंनी बसवायची, बुटका धावला की टाळ्या. एवढा साधा कार्यक्रम, आणि त्याची मुख्य वस्तू डबीत!

सूज उतरल्यावर एका दुपारी काकांनी धीर केला. पिवळी कॅसेट घेतली, गाल फुगवले आणि फुंकर मारली.

फुस्स.

ती फुंकर नव्हतीच, तो शिंतोडा होता. काकांनी कॅसेट सदऱ्याला पुसली आणि पडलेल्या चेहऱ्याने सवयीने काकूंपुढे धरली. काकूंनी बसवली. टिर्रिंग टिर्रिंग.

"बघ!" काका उडालेच. "दम आहे अजून! दात गेले म्हणून काय झालं, छाती तीच आहे!"

मग त्यांनी पुन्हा फुंकलं, काकूंनी पुन्हा लावलं, बुटका पुन्हा धावला. काका खूश. पण आनंद जरा जास्त झाला की माणूस नको ते करून बघतो. तिसऱ्यांदा काकांनी थट्टेत नुसतेच गाल फुगवले, श्वास सोडलाच नाही, आणि कॅसेट काकूंच्या हातात दिली.

टिर्रिंग टिर्रिंग.

काकांचे फुगवलेले गाल तसेच राहिले. काकू चहा टाकायला आत गेल्या, तसे काका भिंतीला धरून कसेबसे खाली बसले. गुडघ्यांनी बोंब मारली. त्यांनी कॅसेट काढली, फुंकली आणि स्वतः घातली. करड्या पट्ट्या. पुन्हा फुंकली, पुन्हा घातली. पट्ट्या. लांब फुंकर, आखूड फुंकर, उजवीकडून, डावीकडून, डोळे उघडे ठेवून. पट्ट्याच. काकू कप घेऊन बाहेर आल्या तेव्हा काका लालबुंद होऊन टीव्हीपुढे फतकल मारून बसले होते.

"सरका," काकू म्हणाल्या. एका हातात कप, दुसऱ्या हाताने कॅसेट काढली, घातली. बुटका धावला.

"काय केलं तू?"

"बसवली."

"मीही तेच केलं की!"

"तुम्ही ढकललीत. ढकलायची नसते हो. टेकली की केसभर मागे घ्यायची आणि डावीकडून हलकेच दाबायची. एक्स्चेंजमध्ये सैल प्लग असायचे त्यांना आम्ही असंच करायचो."

काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. दिवसभर या भोकातला प्लग त्या भोकात, त्या भोकातला या भोकात. हे काकांना माहीत नव्हतं असं नाही, पण माहीत असणं आणि लक्षात येणं यात काकांच्या बाबतीत तीस-एक वर्षांचं अंतर पडलं होतं.

"आणि माझी फुंकर?" त्यांनी विचारलं.

काकूंनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला. "फुंकर छान होती."

"छान म्हणजे?"

"म्हणजे... बघायला छान होती."

काकांनी कप खाली ठेवला. "मग इतकी वर्षं तू गप्प का?"

"कधी बोलणार? पहिल्याच दिवशी पोरं ओरडत गेली, आणि तुम्ही आत जाऊन आरशापुढे गाल फुगवून बघत होतात. मी दारातून पाहिलं ना. इतके खूश मी तुम्हाला आपल्या लग्नातही बघितलं नव्हतं. मग कशाला बोलू? आवडला मला तुमचा तो चेहरा."

काकांनी कप उचलून चहा प्यायला, तोही फुंकर न मारता, आणि जीभ भाजून घेतली.

त्यानंतरचे दिवस काका स्वतःशीच भांडत होते. संमेलनात गप्प राहून फुंकर मारली, तर काकूंच्या तोंडाकडे बघायची सोय उरणार नाही. बायकोच्या कामावर आपण मिरवलो, हे त्यांना एकदा कळलं होतं आणि ते आता विसरता येत नव्हतं. आणि खरं सांगून टाकलं तर रविवारी लोक येतील ते काकूंकडे. आपण कोण? दार उघडणारा म्हातारा. तेही दार बहुधा उघडंच असेल. काकांना लाज वाटत होती आणि भीतीही वाटत होती, आणि दोन्ही एकाच घासात गिळता येईना. दात नव्हते हे कारण होतंच.

शनिवारी नेमबाज घाईघाईने बनवून घेतलेली कवळी घेऊन घरी आली. दोनच दात, गुलाबी पट्टीवर बसवलेले. काकांनी कवळी लावून आरशात पाहिलं आणि पुन्हा पुन्हा पाहिलं. तिने दोन दातांच्या मध्ये हुबेहूब फट ठेवून घेतली होती.

"बनवणारा मला वेड्यात काढत होता," ती म्हणाली. "म्हणाला, लोक फट बुजवून मागतात. पण काका, जरा जपून फुंका हं. हिरडी अजून भरायचीय, पट्टी सैल आहे."

"जपूनच फुंकेन," काका म्हणाले. हे त्यांनी मनापासून सांगितलं होतं, हे मी खात्रीने सांगतो.

सभागृहात ही गर्दी! लांबच लांब टेबलांवर पाठीला कुबड आलेले जुने टीव्ही, जमिनीवर वायरींचा गुंता, आणि प्रत्येक डब्यापुढे प्रौढ, जबाबदार माणसं रिमोटसाठी एकमेकांना कोपराने ढकलत होती. एक केस पिकलेले गृहस्थ "माझी पाळी आहे, मी सांगेन हं!" असं ओरडत होते. कुणाला सांगणार होते देव जाणे. जांभळ्या पडद्यापुढे टेबल, टेबलावर काकांचा तो करडा डबा, समोर मोठा टीव्ही. काका नव्या सदऱ्यात, काकू शेजारी.

पडदेवाल्याने माइक हातात घेतला. त्याने बालपणावर बोलायला सुरुवात केली, तिथून हवेवर आला, हवेवरून श्वासावर, श्वासावरून जीवनावर. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, स्टार्ट दाब!" तेव्हा कुठे तो थांबला आणि त्याने पिवळी कॅसेट काकांच्या हातात दिली.

काकांनी समोर पाहिलं. एवढे लोक, एवढे डोळे, आणि सगळे त्यांच्या गालांकडे लागलेले. जपून फुंकायचं, खरं बोलायचं, सगळं काका विसरले. त्यांनी डेपोतल्या काँप्रेसरचं स्मरण करून पोटापासून हवा ओढली आणि सोडली.

फुंकर निघाली, तिच्याबरोबर शिट्टी निघाली आणि शिट्टीच्या पाठोपाठ कवळी निघाली. कॅसेटच्या डोक्यावरून तिने झेप घेतली, टेबलावर एक टप्पा खाल्ला आणि डब्याच्या उघड्या तोंडात जाऊन पडली. वरचं झाकण खट्‌कन मिटलं.

टीव्हीवर करड्या पट्ट्या.

"हे..." पडदेवाला माइकमध्ये म्हणाला, "हे ठरलं होतं का?"

नेमबाज पहिल्या रांगेतून उठली. बाह्या सरसावत टेबलापाशी आली, डब्यापुढे वाकली आणि सवयीने म्हणाली, "आ करा." मग झाकण उचलून तिने दोन बोटांनी कवळी बाहेर काढली. सभागृह इतकं हसलं की एक जुना टीव्ही आपोआप चालू झाला.

काकाही हसले असते. पण हसणाऱ्यांत काकूही होत्या, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, आणि त्यांच्याकडे बघता बघता काकांचं काहीतरी ठरलं. आता झाकायला उरलं काय होतं? दातसुद्धा बाहेर होते. त्यांनी पडदेवाल्याच्या हातून माइक घेतला.

"शगळ्यांना एक खरं शांगतो," काका म्हणाले. "माझ्या फुंकरीत काही नाही. कधीच नव्हतं. कॅशेट लागायची ती हिच्या हाताने. शगळं हिचंच होतं."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"काय हा विनय!" कुणीतरी म्हणालं.

"विनय नाही रे, शत्य आहे!"

टाळ्या दुप्पट झाल्या. केस पिकलेले गृहस्थ उभे राहून वाजवायला लागले. पडदेवाला रुमाल काढून डोळे पुसत होता.

"अरे, मूर्खांनो!" काका कळवळून ओरडले, पण दात नसल्यामुळे तेही प्रेमळच वाटलं. शेवटी त्यांनी माइक ठेवून दिला, काकूंचा हात धरला आणि त्यांना डब्यासमोर आणलं. काकू पुटपुटत होत्या, "अहो, काय हे, सोडा, घरी चला." काकांनी कॅसेट त्यांच्या हातात दिली. न फुंकता. काकूंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, कॅसेट टेकवली, केसभर मागे घेतली, डावीकडून दाबली.

टिर्रिंग टिर्रिंग. बुटका धावला.

पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी स्वतःची कॅसेट पुढे केली. ती घरी लागत नव्हती. काकूंनी लावली. मग आणखी एक लावली. टाळ्या हळूहळू थांबल्या, लोकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मघाशी टाळ्या वाजवणारे हात आपापल्या पिशव्यांत गेले. बघता बघता काकूंपुढे रांग लागली. कुणी कोपराने ढकलत होतं, कुणी "काकू, माझी आधी" म्हणत होतं.

काका बाजूला झाले. बाजूला झाले तेव्हा कुणाचा धक्का लागला नाही, कारण तिथे कुणी नव्हतंच. खरं बोलून मन हलकं होतं म्हणतात, पण काकांना काही हलकंबिलकं वाटलं नाही. आपण बरोबर केलं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि तरी रडू येत होतं. ते दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि हात गुडघ्यांवर ठेवून जमिनीवरच्या वायरी बघत राहिले.

रांगेत पहिला नंबर पडदेवाल्याने लावला होता. त्याने आपली कॅसेट काकूंपुढे धरली. काकूंनी ती घेतलीच नाही. त्यांनी मान उंच करून रांगेवरून पलीकडे पाहिलं, दाराकडे.

"फुंकली का?" त्यांनी विचारलं.

"पण काकू, काका तर आत्ताच म्हणाले, फुंकरीत काही..."

"ते काय, बोलतात काहीही. त्यांना काय कळतंय त्यातलं?" काकू म्हणाल्या. "आधी त्यांच्याकडून फुंकून आणा. सगळ्यांनी. त्याशिवाय मी हात लावणार नाही."

अख्खी रांग वळली. काका खुर्चीवरून उठेपर्यंत पडदेवाल्याने कॅसेट त्यांच्या तोंडासमोर धरलीसुद्धा होती.